हॅडस्टोच्या तिरडीची राहिलेली खेप

मित्रांनो, दचकू नका. माझे नाव ऐकले की लोक दोन पावले मागे सरतात, त्याची मला सवय आहे. मी एक तिरडी आहे. एका दिवसापुरती बांधलेली बांबूची नव्हे. मी ओकच्या लाकडाची, चार पायांची, साऱ्या गावात मिळून एकच. दोन लांब दांडे आणि मध्ये आडव्या पट्ट्या, एवढेच माझे रूप. हॅडस्टो गावात कोणीही मेला, मग तो पंच असो की गुराखी, तो माझ्यावरूनच दफनभूमीत जायचा. आता मात्र मी किती तरी वर्षे निवृत्त आहे आणि गावच्या जुन्या सभाघरात भिंतीला टेकून उभी आहे.

जून लागला की मॅसॅच्युसेट्सच्या कानाकोपऱ्यातून बसगाड्या येतात. लोक सभाघर बघतात, दारूगोळ्याचे कोठार बघतात, दफनभूमीतल्या दगडांवर कोरलेल्या कवट्या बघतात, आइस्क्रीम खातात आणि निघून जातात. माझ्यासमोर उभे राहून निम्मे लोक म्हणतात, "शिडी दिसतेय." मग एखादी आजी पाटी वाचते आणि माझ्यावर ठेवलेला नातवाचा हात झटकन बाजूला करते. मला राग येत नाही. मी कुणाला चावत नाही, एवढे मात्र त्यांना सांगावेसे वाटते.

माझ्याआधी या गावात मेलेल्या माणसाला घराच्या दारावर घालून नेत. दार बिजागऱ्यांतून काढायचे, माणूस पोचवायचा आणि दार परत आणून बसवायचे. तोवर घरातली लहानथोर माणसे उघड्या घरात कुडकुडत बसत. एका हिवाळ्यात दारे फार वेळा काढावी लागली. तेव्हा सभेत ठरले की आता गावाची स्वतःची तिरडी हवी. सुताराने मला फार मन लावून केले असे काही म्हणता येणार नाही. त्याला खुर्च्या करायला आवडत. पण लाकूड त्याने चांगले निवडले होते, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे.

माझ्या कामाच्या काही रीती होत्या. मेलेल्याचे पाय पुढे असत आणि डोके मागे. वरून काळी चादर. माणसे टोप्या काढून चालत. खांदेकऱ्यांना मेलेल्याच्या घरून हातमोजे मिळत आणि परत आल्यावर सफरचंदाची दारू. दारू चांगली असली तर मेलेल्याविषयीही चांगले बोलले जाई. तान्ही मुले तेवढी माझ्या वाट्याला येत नसत. त्यांची पेटी इतकी लहान असे की बाप ती काखेत घेऊन जाई. बाप नसेल तर जो कोणी मोकळा असेल तो नेई.

एका पानगळीत गावचा कॉन्स्टेबल जॉब थर्लो अशीच एक पेटी काखेत घेऊन सभाघरावरून गेला. मी तेव्हा सभाघराच्या जिन्याखाली असे आणि दार उघडे होते, म्हणून मला दिसले. मागून दोनच बायका चालत होत्या. एक होती टॅमसिन वीड, गावातली जुनी विधवा, जिभेने तिखट आणि हाताने उदार. दुसरी तिच्याकडे राहणारी बेथाया लंट. पेटीत बेथायाचे बाळ होते. ते पुरते महिन्याचेही झाले नव्हते.

बेथाया या गावची नव्हती. तिचा नवरा किनाऱ्यावरच्या एका गावात कॉड मासे धरायचा. तो बुडाला, घर गेले, आणि ती पोटुशी असताना कामाच्या शोधात किनारा सोडून आतल्या मुलखात चालत आली. टॅमसिनने तिला सूत कातायला ठेवून घेतले. हॅडस्टोत कोणी परका उतरला की पंच त्याला ताकीद देत, की गाव सोड. ताकीद ऐकून बहुतेक लोक राहतच, आणि पंचही काणाडोळा करीत. ताकिदीचा अर्थ एवढाच असे की उद्या तू आजारी पडलास तर हे गाव तुझे कोणी लागत नाही. बेथायालाही जॉबने ताकीद दिली होती. ती तेव्हा चरख्यावर होती. तिने मान डोलावली आणि सूत तुटू दिले नाही, असे जॉब नंतर कौतुकाने सांगे.

बाळाला दफनभूमीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात जागा मिळाली. ते इथे जन्मले होते, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी वाद घातला नाही. त्या हिवाळ्यात बेथाया दर रविवारी प्रवचन संपले की त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. बर्फात तिच्या एकटीच्या पावलांची वाट पडली होती.

मार्चमध्ये ती अंथरुणाला खिळली. छातीत पाणी झाले होते. आमच्या सभाघरात रविवारी देवाचे काम चाले आणि बाकीच्या दिवशी गावाचे, त्यामुळे पुढे जे ठरले ते माझ्यासमोरच ठरले. पंचांचा मुख्य ओबडाया पाइक बाकावर बसला होता. तो चर्चचाही कारभारी होता, म्हणून सारे त्याला डीकन म्हणत. टॅमसिन त्याच्यासमोर उभी होती आणि जॉब थर्लो दाराशी.

"ती आता फार दिवसांची नाही, डीकन," टॅमसिन म्हणाली. "मरू दे की माझ्या घरात. मी तुमच्याकडे एक दाणा मागत नाही."

"आज मागत नाहीस. पण मेल्यावर पुरणार कोण?"

"मी पुरीन. खणता येतं मला. बाळाशेजारी ठेवा, एवढंच एक मागतेय ती. दिवसभर तेच चाललंय तिचं."

"टॅमसिन, तुझं मन मोठं आहे, नाही म्हणत नाही मी. पण आज एक बाई इथं मेली आणि गावानं पुरली, की उद्या अख्खा किनारा इथं मरायला येईल."

"मरायला कुणी हौसेनं येतं का हो?"

मित्रांनो, डीकन दुष्ट नव्हता. पीक बुडाले त्या वर्षी त्याने स्वतःचे कोठार उघडले होते. पण ते गावच्या माणसांसाठी. आपली माणसे आणि परकी माणसे यांच्यामध्ये त्याच्या मनात एक रेघ होती, आणि ती देवानेच मारली आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटे. मला मात्र तो माणूस कधीच आवडला नाही.

तो जॉबला म्हणाला, "आजच शिवेवर ने. विंटलच्या कॉन्स्टेबलच्या ताब्यात दे. ते पुढच्या गावाला देतील. अशी करत करत जाईल तिच्या नवऱ्याच्या गावी."

"नेऊ कशी? बर्फ निम्मा वितळलाय. गाडी आसापर्यंत रुतेल, आणि घसरगाडीला सलग बर्फ कुठं राहिलाय?"

डीकनची नजर जिन्याखाली आली. माझ्यावर.

"तिरडी आहे ना."

"डीकन," जॉब म्हणाला, "ती जिवंत आहे."

"म्हणूनच आजच न्यायची."

टॅमसिनने तोंडाला येईल ते त्याला ऐकवले. मी ते इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात. पण तिच्या बोलण्याने काही बदलले नाही.

दुपारी जॉबने आणखी तीन माणसे आणली. बेथायाला घोंगडीत गुंडाळून माझ्यावर ठेवले. चौघांनी मला उचलले आणि जागच्या जागी थबकले, कारण कोणालाच कळेना की पाय पुढे करायचे की डोके.

"पाय पुढं, नेहमीसारखं," मागचा एकजण म्हणाला.

"नेहमीसारखं काय? जिवंत आहे ती," जॉब खेकसला. "डोकं पुढं घ्या."

अशी ती डोके पुढे करून निघाली. मित्रांनो, तोवर मी वाहिलेली सारी ओझी थंड आणि मुकी होती. हे ओझे ऊबदार होते. ते श्वास घेत होते. ती खोकली की माझ्या पट्ट्या हादरत, आणि खोकला थांबला की तिची बोटे पट्टीवर घट्ट आवळत. मला फार भीती वाटली. मी मरणाला कधी भ्यायले नव्हते, पण हे माझे काम नव्हते, आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ही तीच ना? मेलेल्यांना नेतात ती?"

"आमच्या खांद्याला सगळं सारखंच, बाई," जॉब म्हणाला. "पडून राहा."

"मग इकडं कुठं नेताय? दफनभूमी तर मागं राहिली."

चिखलात बूट रुतण्याचा आवाज तेवढा येत होता.

"जॉबभाऊ, तुम्हीच नेलं होतंत ना त्याला? तुमच्या काखेत होता. तुम्हाला ठाऊक आहे जागा. मला तिथंच ठेवा. आज नसेल जमत तर उद्या. मी थांबते."

"बोलू नकोस गं, दम लागतो," टॅमसिन म्हणाली. ती माझ्या दांड्याला धरून, घोटाभर चिखलातून आमच्याबरोबर चालत होती. तिला येऊ नको म्हणण्याची कोणाची छाती झाली नव्हती.

शिवेवर एक दगड आहे. त्याच्या एका अंगावर हॅडस्टोची खूण आहे, दुसऱ्या अंगावर विंटलची. पलीकडे विंटलचा कॉन्स्टेबल एनॉस कटर कोटात हात खुपसून उभा होता. जॉबने त्याला सकाळीच निरोप धाडला होता.

"अरे, ही तर मरायला टेकलीय!" कटर वाकून बघत म्हणाला. "चांगली धडधाकट बाई देणार असाल असं वाटलं होतं मला. ही आमच्यात मेली तर आमचे पंच माझी सालटी काढतील."

"रीत आहे, कटर. तू घ्यायचीस आणि पुढं द्यायचीस."

"रीत मला नको शिकवू. पंच येऊन बघू देत. माणूस धाडतो बोलवायला. तोवर थांब तिथंच."

"वारा बघ कसला सुटलाय! कुठं थांबू हिला घेऊन?"

"तुझ्या हद्दीत."

जॉबला राग आला. तो माणूस मनाने वाईट नव्हता, पण विंटलवाल्यांसमोर मागे हटायचे नाही हे हॅडस्टोच्या पोरासोरांनाही शिकवलेले असे. त्याने इतरांना खूण केली, चौघे पुढे सरकले आणि मला बरोबर शिवेवर आडवी ठेवली. डोके विंटलमध्ये, पाय हॅडस्टोत.

"घे. निम्मी तुझी," तो म्हणाला. खांदेकरी हसले. कटरही थोडा हसला.

मग सगळे थांबले. विंटलचे पंच जेवत होते, असे नंतर कळले. मोकळ्या माळावर वारा होता आणि चिखलाची ओल माझ्या पायांतून वर चढत होती. टॅमसिनने स्वतःची शाल काढून बेथायावर घातली आणि वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसली. तिला मक्याच्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून देऊ केला, पण तिने तोंड उघडले नाही. शेवटी बेथाया काहीतरी बोलली. इतके हळू, की ते टॅमसिनलाही ऐकू आले नाही. मला ऐकू आले, कारण तिचे ओठ माझ्या पट्टीजवळ होते. ती म्हणाली, "तिकडं थंडी असेल त्याला." त्यानंतर माझ्या पट्ट्या हादरल्या नाहीत.

"गेली," टॅमसिन म्हणाली.

माणसांनी टोप्या काढल्या. तेवढे त्यांना शिकवलेले होते. टोप्या परत डोक्यावर चढल्या आणि भांडण सुरू झाले.

"डोकं तुमच्याकडं आहे," जॉब म्हणाला. "म्हणजे विंटलमध्ये मेली."

"आणि पाय? पाय काय हवेत लोंबतायत? जीव छातीत असतो. छाती बघ कुठं येते ती."

मित्रांनो, ते दोघे खरोखर वाकून बघू लागले. एकाने दगडापासून काठी धरली, दुसऱ्याने एक डोळा मिटून नजर लावली.

"लाज वाटू द्या रे!" टॅमसिन ओरडली. "आता काय खाणार आहे ती तुमचं? मेली ना? झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी न्या तिला लेकराजवळ. तिरडी आहे, चार माणसं आहात, आणि काय पाहिजे?"

जॉबने हातातली काठी टाकली. त्याने वाकून माझा दांडा धरला, मागच्याला खूण केली, आणि माझे पाय चिखलातून सुटले. मला हॅडस्टोकडे वळवले जात होते. आता माझे खरे काम माझ्या हाती आले होते. आता पाय पुढे, टोप्या काढून, उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत. मी इतकी अधीर कधी झाले नव्हते.

तेवढ्यात डीकन पाइक घोड्यावरून आला, आणि पलीकडून विंटलचे पंच.

"खाली ठेव, जॉब," डीकन म्हणाला. "आपल्या दफनभूमीत घेतली म्हणजे ती आपली होती असं झालं. मग हा सगळा खटाटोप कशाला केला?"

जॉब उभाच राहिला. माझा दांडा त्याने सोडला नाही.

"जॉब."

त्याने मला खाली ठेवले.

कुरणावरून, ओढ्याच्या पाण्यावरून वर्षानुवर्षे भांडणारे ते पंच त्या दिवशी पाइप ओढून होईपर्यंतच्या वेळात एकमताचे झाले. बाई कोणाचीच नाही, म्हणून तिला शिवेवरच पुरायची. खड्डा दोन्ही गावांनी निम्मा निम्मा खणायचा. तसाच खणला. हॅडस्टोच्या फावड्यांनी पायांकडचा, विंटलच्या फावड्यांनी डोक्याकडचा. विंटलची बाजू जरा उथळ राहिली, त्यावरूनही बोलाचाली झाली. वर खूण म्हणून काही ठेवले नाही.

मला रिकामी परत आणले. उचलायला दोघेच लागले. सभाघरात आल्यावर टॅमसिनने झग्याच्या टोकाने माझ्या पट्ट्या पुसल्या आणि मला, एका लाकडाला, ती म्हणाली, "तुझं काम होतं गं हे. करू दिलं नाही मेल्यांनी."

पुढे मी टॅमसिनला नेले, डीकनला नेले. जॉब थर्लोला नेले. पंचांनी काही वर्षांनी एकदा शीव फिरून दगड तपासायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. जॉब प्रत्येक वेळी त्या दगडापाशी टोपी काढून उभा राही. का, ते तो सांगत नसे. त्याच्याबरोबरच्या तरुणांना वाटले, हीच रीत असेल. तेही काढू लागले. त्यांचे बघून त्यांची मुले. नंतर गावाने चाकांची काळी गाडी घेतली आणि मला एका कोठारात टाकले. तिथे माझ्यावर कोंबड्या बसत. सफरचंदे काढायला शिडी म्हणूनही मला वापरले. पाय ओले राहून एक पाय कुजला. पुढे गावाला आपल्या जुनेपणाचा अभिमान वाटू लागला, तेव्हा कोणीतरी मला ओळखले, पाय नवा बसवला, तेल लावले आणि इथे आणून उभे केले.

आता सभाघर डोरीन नावाची बाई सांभाळते. गोड बाई आहे. वर्षातून एकदा मला तेल चोळते आणि चोळताना स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलते. परवा एक जोडपे तिला विचारत होते.

"तो मैत्रीचा दगड कुठं आहे हो? तिथं फोटो फार छान येतात म्हणे."

"याच रस्त्यानं सरळ जा," डोरीन म्हणाली. "एक पाय हॅडस्टोत ठेवायचा, एक विंटलमध्ये. टोपी काढायची आणि मनात काहीतरी मागायचं. दोन गावांच्या मैत्रीची जुनी रीत आहे आमची."

"किती गोड!" ती बाई म्हणाली.

डोरीन खोटे बोलत नव्हती. तिला तिच्या वडिलांनी तसेच सांगितले होते. ते जोडपे गेले, हसत परत आले आणि बाकी बघायचे राहिलेले बघू लागले. त्यांच्या बुटांना माती लागली होती. उन्हाळाभर असेच चालते. दगडाकडून आलेल्या बुटांची माती माझ्या पायांशी गळते. संध्याकाळी डोरीन ती झाडून गोळा करते आणि पुढच्या दारातून रस्त्यावर टाकते. दफनभूमी मागच्या दाराकडे आहे. रोज ती माती माझ्यापर्यंत येते, आणि रोज मागच्या दाराऐवजी पुढच्या दाराने जाते. मी भिंतीला टेकून बघत राहते. मला जीव तोडून ओरडावेसे वाटते.

मित्रांनो, तुमच्या दाराशी कोणी आजारी माणूस आला तर तो कुठल्या गावचा, कोणाचा कोण, हे मागाहून विचारा. आधी त्याला आत घ्या. जुन्या वास्तू बघायला जाल तेव्हा पाट्या जरूर वाचा, पण पाटीवर जे लिहिलेले नाही त्याबद्दलही कोणाला तरी विचारा. आणि माझे एक काम करा. कधी हॅडस्टोला आलात तर त्या दगडाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहू नका. गुडघ्यावर बसा आणि दगडाच्या दोन्ही अंगांची मिळून मूठभर माती घ्या. मग ती सभाघराच्या मागे, दफनभूमीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊन टाका. तिथे काही दिसणार नाही. गवत आहे, बस.

एका आईला तिच्या बाळापर्यंत पोचवायचे राहून गेले आहे. तेवढे कराल ना?